दारू, वाहन आणि बंदुकीची नोकरी : एका दंडाची खरी किंमत



आपल्या बीड जिल्ह्यात पहाटे पाच वाजता कोणत्याही तालुक्याच्या गावी रस्त्यावर उभे राहिलात, तर पोलीस भरतीसाठी धावणारी मुले दिसतात. आष्टी-पाटोद्याकडची असोत, केज-धारूरची असोत की गेवराई-माजलगावची, यांतल्या कित्येकांचे आईवडील दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. सोळाशे मीटरची धाव, गोळाफेक, त्यानंतर लेखी परीक्षा, अशी दोन-दोन, चार-चार वर्षे ही मुले घाम गाळतात. कोणी जालन्याच्या किंवा हिंगोलीच्या राज्य राखीव पोलीस दलाच्या गटात जाऊ इच्छितो, कोणी सीमा सुरक्षा दलात, कोणी सैन्यात. ज्यांचे वय निघून जाते ते पुण्या-मुंबईला, संभाजीनगरला सुरक्षा रक्षक म्हणून उभे राहतात. सैन्यातून निवृत्त झालेले आपले ज्येष्ठ बंधू बँकेच्या दारात बारा बोअरची बंदूक घेऊन बसतात. या सर्व नोकऱ्यांत एक गोष्ट समान आहे. त्या माणसाच्या हाती केव्हा ना केव्हा शस्त्र द्यावे लागते.

ज्याच्या हाती शस्त्र द्यायचे त्याच्याबद्दल राज्य आणि मालक एकच प्रश्न विचारतात : या माणसाचा स्वतःवर ताबा आहे काय? दारू पिऊन वाहन चालविल्याबद्दल झालेली शिक्षा या प्रश्नाला फार वाईट उत्तर देते. पुष्कळ तरुण ती शिक्षा हेल्मेट नसल्याच्या पावतीसारखी समजतात. “दंड भरला, मिटलं” असे म्हणून घरी येतात. ते मिटलेले नसते. ते कोठे कोठे उभे राहते, कोठे राहत नाही आणि त्यातून वाट कशी काढावी, हे आम्ही या लेखात क्रमाने सांगणार आहोत.

पावती वेगळी, दोषसिद्धी वेगळी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ यातील कलम १८५ हे दारू पिऊन वाहन चालविण्याचे कलम. श्वासाच्या यंत्रात किंवा प्रयोगशाळेच्या तपासणीत शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळला की गुन्हा झाला. वाहन म्हणजे केवळ मोटार नव्हे; मोटारसायकल, रिक्षा, टेम्पो, ट्रॅक्टर सर्व त्यात आले. प्रत्यक्ष चालविणेच नव्हे, तर चालविण्याचा प्रयत्न करणे हाही गुन्हाच आहे. “मी शुद्धीत होतो, गाडी नीट चालवीत होतो” हा बचाव येथे चालत नाही, कारण कायद्याने आकडा ठरवून दिला आहे.

पूर्वी या गुन्ह्यास पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा होती. २०१९ च्या दुरुस्तीने दंड दहा हजार रुपये झाला. दुसऱ्यांदा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. याशिवाय कलम २० प्रमाणे न्यायालयाने अशा माणसाला निदान सहा महिने वाहन चालविण्यास अपात्र ठरवावे, असे बंधन आहे.

आता खरा मुद्दा लक्षात घ्या. हेल्मेट नाही, सीटबेल्ट नाही, चुकीच्या जागी गाडी लावली, अशा गोष्टींत पोलीस जागेवर तडजोड शुल्क घेऊन प्रकरण मिटवू शकतात. ते न्यायालयात जात नाही आणि त्यात कोणी ‘दोषी’ ठरत नाही. कलम १८५ चा समावेश अशा तडजोडीच्या यादीत नाही. ते प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांपुढेच जाते. तेथे “गुन्हा कबूल आहे” असे म्हणून दंड भरला की कागदावर जे नोंदले जाते त्याचे नाव दोषसिद्धी. दंड दोनशे असो की दहा हजार, कैद एक दिवसाचीही नसो, कायद्याच्या भाषेत तो माणूस ‘न्यायालयाने दोषी ठरविलेला’ होतो. ही नोंद आता पोलीस ठाण्याच्या जाड रजिस्टरात धूळ खात पडत नाही. संगणकात राहते आणि जिल्हा बदलला तरी सापडते.

बंदुकीचा परवाना : कायदा काय म्हणतो

शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही. जिल्ह्यात हा परवाना जिल्हाधिकारी हे जिल्हादंडाधिकारी या नात्याने देतात आणि त्याआधी पोलिसांचा अहवाल मागवितात. या कायद्यात दोन दारे आहेत. दोन्हींमधला फरक समजून घेतला पाहिजे.

पहिले दार कलम ९ चे. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात ज्याला कैदेची शिक्षा झाली, त्याला शिक्षा भोगून झाल्यावर पाच वर्षे शस्त्र बाळगता येत नाही. चांगल्या वर्तणुकीचा जामीन ज्याच्याकडून लिहून घेतला आहे, त्यालाही त्या मुदतीत मनाई आहे. एकवीस वर्षांखालील मुलालाही सामान्यतः मनाई आहे. आता दारू पिऊन मोटारसायकल चालविली, कोणाला इजा झाली नाही, केवळ दंड झाला, तर हे दार आपोआप बंद होत नाही. कारण कैद झालेली नाही, आणि अशा साध्या प्रकरणात हिंसाही नाही. हे खरे आहे आणि ते सांगितले पाहिजे, म्हणजे कोणी उगाच हताश होणार नाही.

परंतु दुसरे दार कलम १४ आणि १७ चे आहे. ‘कोणत्याही कारणास्तव अयोग्य’ असे वाटल्यास, किंवा सार्वजनिक शांतता व सुरक्षिततेसाठी आवश्यक वाटल्यास, प्राधिकारी परवाना नाकारू शकतात. दिलेला परवाना निलंबित वा रद्दही करू शकतात. येथे कैद झाली की दंड, हा प्रश्न उरत नाही. पाहिले जाते ते माणसाचे वर्तन. एकदा दंड झालेला माणूस कदाचित निभावून जाईल. पण दोनदा सापडलेला, त्यातच गावात भांडणाची नोंद असलेला, दारू पिऊन दंगा केल्याबद्दल महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली नाव आलेला माणूस ‘अयोग्य’ ठरविण्यास फार विचार करावा लागत नाही.

परवान्याच्या अर्जात पूर्वी शिक्षा झाली आहे काय, झाली असल्यास कोणत्या गुन्ह्यात, केव्हा व किती, हे स्पष्ट विचारलेले असते. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार शारीरिक व मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्रही जोडावे लागते. माहिती दडवून परवाना मिळविला असे आढळले, तर तेवढ्या एका कारणावरून तो रद्द करता येतो. म्हणजे जो दंड सांगितला असता तर कदाचित माफ झाला असता, तो लपविल्यामुळे परवाना जातो.

नकाराचा आदेश आला तर कारणे लेखी मागण्याचा आणि कलम १८ प्रमाणे वरिष्ठ प्राधिकाऱ्याकडे अपील करण्याचा हक्क आहे. सार्वजनिक हितास बाधक नसेल तर कारणे दिलीच पाहिजेत, असे कायदा म्हणतो.

आपल्या जिल्ह्याचा अनुभव

हे सगळे पुस्तकी वाटू नये म्हणून आपल्या जिल्ह्याकडेच पाहू. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची निर्घृण हत्या झाली. त्यानंतर बीड जिल्ह्यात किती जणांकडे बंदुकीचे परवाने आहेत, हा प्रश्न साऱ्या महाराष्ट्रात गाजला. बाराशेहून अधिक परवाने असल्याचे आकडे पुढे आले. ज्यांच्यावर गुन्हे दाखल आहेत अशांच्याही कमरेला परवान्याचे पिस्तूल आहे, असे दिसून आले. पुढे पोलिसांच्या अहवालावरून जिल्हा प्रशासनाने छाननी केली आणि २०२५ मध्ये शंभराहून अधिक परवाने रद्द केले.

या घटनेचा दारू पिऊन वाहन चालविण्याशी थेट संबंध नाही, हे आम्हास ठाऊक आहे. पण तिचा धडा आपल्या विषयाला लागू पडतो. पूर्वी परवाना एकदा मिळाला की नूतनीकरण हा उपचार समजला जाई. आता प्रत्येक नावापुढची नोंद वाचली जाते. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत पाच वर्षांची आहे. म्हणजे दर पाच वर्षांनी माणसाचा सारा पूर्वेतिहास पुन्हा टेबलावर येतो. जो निवृत्त जवान आपल्या परवान्याच्या बंदुकीवर बँकेत नोकरी करतो, त्याचा परवाना गेला की त्या बंदुकीवरची नोकरीही जाते. त्याच्या हातून बंदुकीने काही घडलेले नसते. एका रात्री मोटारसायकलच्या हँडलवर काही घडलेले असते.

खासगी सुरक्षा रक्षक : सर्वांत कडक शब्द

बहुतेकांची अशी समजूत असते की सरकारी नोकरीलाच चारित्र्य लागते, खासगी कंपनीत कोण विचारतो? वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. खासगी सुरक्षा अभिकरणे (विनियमन) अधिनियम, २००५ याच्या कलम १० मध्ये रक्षक होण्याच्या अटी आहेत. भारतीय नागरिकत्व, अठरा ते पासष्ट वय, ठरलेले प्रशिक्षण, शारीरिक पात्रता आणि चारित्र्याची खात्री. पुढे त्याच कलमात म्हटले आहे की, सक्षम न्यायालयाने दोषी ठरविलेल्या, अथवा सैन्यातून, पोलिसांतून, सरकारी नोकरीतून किंवा दुसऱ्या सुरक्षा संस्थेतून गैरवर्तन वा नैतिक अधःपतनाच्या कारणाने बडतर्फ केलेल्या वा काढून टाकलेल्या व्यक्तीस रक्षक किंवा पर्यवेक्षक म्हणून नेमता येणार नाही.

हे वाक्य नीट वाचा. ‘दोषी ठरविलेल्या’ या शब्दांपुढे ‘गंभीर गुन्ह्यात’ असे लिहिलेले नाही. वाक्याच्या शेवटी आलेले ‘गैरवर्तन वा नैतिक अधःपतन’ हे शब्द दोषसिद्धीलाही लागू होतात, असा अर्थ वकील मांडू शकतो आणि त्यात तथ्यही आहे. पण कंपनीचा कारकून कायद्याचा काथ्याकूट करीत बसत नाही. पडताळणीच्या अहवालात ‘दोषसिद्ध’ हा शब्द दिसला की फाइल बाजूला ठेवतो. त्याच्या दारात दुसरे दहा उमेदवार उभे असतात.

रोकड वाहून नेणाऱ्या गाड्यांची गोष्ट तर आणखी काटेकोर. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना कळविले की रोकड नेणाऱ्या प्रत्येक गाडीत चालकाशिवाय दोन रोकड सांभाळणारे आणि दोन बंदूकधारी रक्षक असावेत. अशा गाडीच्या चालकाला वाहन परवाना निलंबित करून चालत नाही आणि बंदूकधाऱ्याला चारित्र्यावर डाग असून चालत नाही. कलम १८५ ची एक शिक्षा दोन्ही जागा घालवू शकते.

निवृत्त सैनिकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सैन्य अधिनियम, १९५० च्या कलम ४८ प्रमाणे कर्तव्यावर असो वा नसो, नशेच्या अवस्थेत सापडणे हाच गुन्हा आहे. सेवेतून गैरवर्तनाने बडतर्फ झालेल्याला गावी आल्यावर सुरक्षा रक्षकाची नोकरीही कायद्याने बंद होते. म्हणजे पहिली भाकरीही जाते आणि दुसरीही.

पोलीस आणि राखीव दल

सरकारी सेवेत प्रश्न दोन टप्प्यांवर येतो : भरतीपूर्वी आणि भरतीनंतर.

भरतीपूर्वी साक्षांकन नमुना भरून घेतात. त्यात अटक झाली होती काय, खटला झाला होता काय, न्यायालयाने दंड केला होता काय, शिक्षा झाली होती काय, असे स्वतंत्र प्रश्न असतात. खोटी माहिती दिल्यास सेवा समाप्त होईल, असा इशारा वरच छापलेला असतो. तरी आपली मुले भीतीपोटी सरळ ‘नाही’ लिहितात. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २०१६ साली या विषयाची सूत्रे घालून दिली. त्यांचा सारांश असा : उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे. क्षुल्लक गुन्ह्याची माहिती राहून गेली असेल, तर मालक ती चूक सोडून देऊ शकतो. गुन्हा क्षुल्लक नसेल तर उमेदवारी किंवा नोकरी रद्द करता येते. आणि उमेदवाराने सर्व खरे सांगितले असले तरी त्याला नेमलेच पाहिजे असे बंधन नाही. त्याची योग्यता तपासण्याचा मालकाचा अधिकार कायम राहतो. जे विचारले आहे त्याचेच उत्तर द्यायचे, असेही त्यात स्पष्ट केले आहे.

यातून विद्यार्थ्यांनी एवढे घ्यावे की खरे सांगणाऱ्याची बाजू लंगडी असली तरी तिला उभे राहता येते. खोटे सांगणाऱ्याला दोन आरोपांना उत्तर द्यावे लागते, आणि त्यातला दुसरा पहिल्यापेक्षा जड असतो.

भरतीनंतरची दोन उदाहरणे पाहा. पंजाबातील एक पोलीस शिपाई अंगरक्षकाच्या कामावर होता. कमरेला सरकारी रिव्हॉल्व्हर असताना तो दारूच्या नशेत बस स्थानकावर फिरताना सापडला आणि तपासणीस नेल्यावर डॉक्टरांना शिवीगाळ करू लागला. त्याला बडतर्फ करण्यात आले. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने ही बडतर्फी कायम केली. शिस्तीच्या दलात असे एकच कृत्यही गंभीर गैरवर्तन ठरू शकते, असा त्या निकालाचा आशय आहे.

दुसरे उदाहरण उत्तर प्रदेशच्या प्रांतिक सशस्त्र दलातील चालकाचे. कुंभमेळ्याच्या बंदोबस्तासाठी जवानांना घेऊन जाणारा ट्रक तो दारू पिऊन चालवीत होता. ट्रक एका जीपवर आदळला. कोणी दगावले नाही. तरीही त्यास बडतर्फ केले. हे प्रकरण लढत लढत सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि जानेवारी २०२२ मध्ये निकाल लागला, तेव्हा तो चालक हयात नव्हता. नशेत वाहन चालविणे हे गंभीर गैरवर्तन आहे, अपघात किरकोळ ठरला हा केवळ नशिबाचा भाग, असे न्यायालयाने म्हटले. मात्र त्याची दीर्घ सेवा पाहून बडतर्फीऐवजी सक्तीची निवृत्ती अशी शिक्षा केली, म्हणजे निदान त्याच्या वारसांना काही लाभ मिळावेत. एका माणसाच्या त्या प्रवासाचा निकाल त्याच्या घरच्यांनी त्याच्या मागे ऐकला, ही गोष्ट प्रत्येक कुटुंबाने विचारात घ्यावी.

सरकारी नोकराला फौजदारी न्यायालयात शिक्षा झाली, तर ज्या वर्तनामुळे ती झाली त्या कारणाने नेहमीची खातेनिहाय चौकशी न करताही बडतर्फ करण्याची तरतूद घटनेच्या अनुच्छेद ३११ मध्ये आहे. प्रत्येक वेळी ती वापरतात असे नाही. पण ती आहे.

अपघात झाला तर चित्रच बदलते

आतापर्यंत आम्ही कोणाला इजा न झालेल्या प्रकरणांबद्दल बोलत होतो. माणूस दगावला तर कलम १८५ मागे पडते. नोव्हेंबर २००६ मध्ये मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर मोटार गेली आणि सात जण मृत्यू पावले. चालक मद्यप्राशन केलेला होता. हा केवळ निष्काळजीपणा नसून सदोष मनुष्यवध आहे, असे मानून दिलेली तीन वर्षांची सक्तमजुरी सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली कायम केली. मेलेले लोक पोटासाठी मुंबईत आलेले मजूर होते, आपल्या ऊसतोड कामगारांसारखेच रस्त्याकडेला पाठ टेकणारे. अशा गुन्ह्यात कैद झाली की शस्त्र अधिनियमाच्या कलम ९ चे दारही धोक्यात येते, आणि पोलीस किंवा सैन्याच्या नोकरीचे नाव काढण्याची सोय राहत नाही.

इतर देशांत काय आहे

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत १९६८ च्या संघीय कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक कैद होऊ शकेल अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला बंदूक बाळगता येत नाही. मात्र राज्यांच्या कायद्यांतील दोन वर्षांपर्यंतच्या किरकोळ गुन्ह्यांना त्यातून वगळले आहे. त्यामुळे पहिल्यांदा नशेत सापडलेला बहुधा सुटतो आणि पुन्हा पुन्हा सापडणारा अडकू शकतो. इंग्लंडमध्ये तीन महिने ते तीन वर्षे कैद झालेल्यास पाच वर्षे, आणि तीन वर्षे किंवा अधिक कैद झालेल्यास कायमची मनाई आहे. देश निराळे, आकडे निराळे. पण ज्याला दारू आवरत नाही त्याच्या हाती बंदूक देताना सगळीकडेच हात आखडतो.

मग एका चुकीने जन्म वाया जावा काय?

हा प्रश्न न्याय्य आहे, आणि न्यायालयांनाही तो पडला आहे. हरियाणातील एका कर्मचाऱ्याला सार्वजनिक जागी अश्लील वर्तनाच्या कलमाखाली अवघा वीस रुपये दंड झाला होता. तेवढ्यावरून त्याची नोकरी गेली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. प्रत्येक दोषसिद्धी म्हणजे नैतिक अधःपतन नव्हे, असे सांगून न्यायालयाने संसदेला सुचविले की दोन हजार रुपयांपर्यंतच्या दंडाच्या किरकोळ शिक्षेने कोणाची सरकारी नोकरी जाऊ नये, अशी तरतूद करावी. गरीब माणूस वकील लावण्यापेक्षा गुन्हा कबूल करून दंड भरतो, त्याला परिणाम ठाऊक नसतात, ही जाण त्या निकालामागे आहे. आपल्या समाजाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

म्हणून ज्यांच्यावर हा प्रसंग आला आहे त्यांच्यासाठी पुढील गोष्टी आम्ही सांगतो.

पहिली : रस्त्यावर पोलिसांनी श्वास तपासणी मागितल्यास हुज्जत घालू नये. तपासणीस सबळ कारणाविना दिलेला नकार खटल्यात आपल्याच विरुद्ध वापरता येतो. अटक झाल्यास दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरांकडून तपासणी झाली पाहिजे, अन्यथा कोठडीतून सोडावे लागते. अटकेची वेळ आणि तपासणीची वेळ लिहून ठेवावी, अहवालाची प्रत मागावी.

दुसरी : न्यायालयात पहिल्याच तारखेला, वकिलाशी न बोलता, “कबूल” म्हणू नये. गुन्हा कबूल केल्यावर दोषी ठरविण्याविरुद्ध अपील सामान्यतः करता येत नाही. शिक्षा किती आणि कायदेशीर आहे की नाही, एवढ्यापुरतेच दार उघडे राहते. खोटा बचाव उभा करावा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परिणाम समजून घेऊन निर्णय घ्यावा, एवढेच म्हणतो.

तिसरी : गुन्हा झालाच असेल, पहिलाच असेल आणि वागणूक चांगली असेल, तर गुन्हेगार परिवीक्षा अधिनियम, १९५८ चा लाभ मागण्याबाबत वकिलास विचारावे. या कायद्याखाली न्यायालय ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकते, आणि कलम १२ प्रमाणे अशा माणसास दोषसिद्धीमुळे येणारी कायद्यातील अपात्रता लागत नाही. यास मर्यादा आहे. वर्तन पुसले जात नाही आणि खाते आपली चौकशी करू शकते. तरीही वीस वर्षांच्या मुलासाठी हा फरक फार मोठा असतो. न्यायाधीशांपुढे मागणी केल्याशिवाय हा लाभ मिळेल अशी आशा धरू नये.

चौथी : वकिलाची फी नाही म्हणून गप्प बसू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, स्त्रियांना, औद्योगिक कामगारांना आणि कोठडीत असलेल्यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जातीच्या दाखल्यावर मिळणाऱ्या या हक्कास उत्पन्नाची अट नाही. बीडच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. तेथे साधा अर्ज करावा.

पाचवी : निकालाची प्रमाणित प्रत काढून घरी जपून ठेवावी. नोकरीच्या वा परवान्याच्या अर्जात प्रश्न आला की कलम, तारीख, न्यायालय व शिक्षा जशीच्या तशी लिहावी, प्रत जोडावी. निर्दोष सुटला असाल आणि खटल्याबद्दल विचारले असेल, तर तेही लिहावे. विचारलेले नसेल तर आपण होऊन कहाणी लिहीत बसण्याचे कारण नाही.

सहावी : निलंबनाच्या काळात वाहन चालवू नये. पहिल्या चुकीला क्षमा मागता येते. आदेश मोडल्यावर मागायला तोंड राहत नाही.

घराघरांतून करण्यासारखे

कायदा सांगून झाला. पण आम्हास वाटते की हा प्रश्न न्यायालयात सुरू होत नाही. तो लग्नाच्या वरातीत, हळदीच्या रात्री, मित्राच्या वाढदिवसाच्या ढाब्यावर सुरू होतो. भरतीचा निकाल लागला म्हणून मित्र पार्टी मागतात, आणि परतीच्या वाटेवर निवड झालेला मुलगाच मोटारसायकल चालवीत असतो. नेमणुकीचा आदेश अजून हाती पडायचा असतो, चारित्र्य पडताळणी व्हायची असते. चार वर्षांची पहाट एका रात्रीत जाते ती अशी.

पंचशीलातील पाचवे शील आपण प्रत्येक वंदनेत म्हणतो. १९५६ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती केवळ विहारात म्हणण्यासाठी नाही. ती आपल्या लेकरांच्या भाकरीचे संरक्षण आहे, असा तिचा रोकडा अर्थ आम्ही येथे सांगितला. जो हा अर्थ मानतो त्याला कलम १८५ शिकण्याची गरज पडणार नाही. जो अजून मानत नाही, त्याने निदान प्यायल्यावर किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यावी.

मंडळाच्या सभासदांना आमची सूचना आहे की प्रत्येक गावी भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना वर्षातून एकदा एकत्र बसवावे, साक्षांकन नमुन्याची कोरी प्रत त्यांच्या हाती द्यावी आणि तिच्यातील प्रत्येक प्रश्न वाचून घ्यावा. त्यासाठी पैसा लागत नाही, मोठा वक्ता लागत नाही. गावात एखादे निवृत्त जवान किंवा पोलीस असतीलच, त्यांना बोलवावे. ज्या प्रश्नांची उत्तरे उद्या द्यावी लागणार आहेत ते प्रश्न आजच मुलांच्या डोळ्यांखालून गेले, तर पुष्कळ जण रात्रीच्या त्या वळणावर आपणहून थांबतील.